पंधरा वर्षांच्या लेकीच्या रिपोर्टवर 'पीसीओडी' लिहून आलंय. गोळ्या सुरू करू का?

कृष्णाकाठची | ९ जून, रात्री ११.१०

नमस्कार. सांगलीत विश्रामबागला राहते. इथं बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

लेक यंदा दहावीत. पंधरा पूर्ण झाली. पाळी तेराव्या वर्षी आली, पण अजून घडी बसलेली नाही. कधी चाळीस दिवसांनी येते, कधी दोन महिने निघून जातात. चेहऱ्यावर पुरळ आहे, वजन थोडं जास्त आहे. थोरल्या जाऊबाईंनी लकडा लावला म्हणून गेल्या आठवड्यात दाखवायला नेलं. तिथं सोनोग्राफी करून आणायला सांगितली. रिपोर्टवर दोन्ही अंडाशयांत बारीक गाठी आणि खाली 'पीसीओडी' असं आलं. डॉक्टरांनी तेवढं वाचून २१ गोळ्यांचं पाकीट लिहून दिलं, सहा महिने घ्यायच्या म्हणून. रक्ताची एकही तपासणी नाही. "वजन उतरव, नाहीतर पुढं मूल व्हायला अवघड जाईल," हे तिच्या तोंडावर. पाच मिनिटांत बाहेर.

येताना रिक्षात ती गप्प होती. रात्री दिवा मालवल्यावर म्हणाली, "आई, मला बाळ नाही का होणार?" पंधरा वर्षांच्या मुलीनं हे विचारावं, आणि माझ्याकडं उत्तर नसावं. मला अजून नीट झोप लागत नाही.

सासूबाई म्हणतात लग्न झालं की सगळं मार्गाला लागतं. जाऊबाई म्हणतात गोळ्या सुरू कर, उशीर करू नको. माझी बहीण म्हणते त्या गोळ्या संततिनियमनाच्या आहेत, पोरीला अजिबात देऊ नको. पाकीट कपाटात तसंच पडलंय. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

---

कराडकरीण | ९ जून, रात्री ११.४२

ताई, आधी लेकीला सांगा की मला पीसीओएस (म्हणजे तेच, पीसीओडी) आहे, तिच्याच वयापासून, आणि माझा मुलगा आता सहा वर्षांचा आहे. आत्ताच, झोपायच्या आधी सांगा. बाकीचं सविस्तर उद्या लिहिते.

---

बेदाणा | १० जून, सकाळी ७.०५

तासगावहून. माझ्या चुलत बहिणीला हेच झालं होतं. सहा महिने काढा घेतला, सगळ्या गाठी विरघळल्या. पत्ता हवा असेल तर कळवते.

---

शाळूची_भाकरी | १० जून, सकाळी ७.५०

बेदाणा, गाठी विरघळल्या हे कळलं कसं? परत सोनोग्राफी केली होती का? आणि मधल्या काळात पाळी नियमित झाली का? पाळीचं काय झालं ते सांगा, गाठींचं राहू दे.

---

बेदाणा | १० जून, सकाळी ८.१५

सोनोग्राफी केली होती. नॉर्मल आली. पाळीचं मात्र विचारावं लागेल.

---

प्रसूतिकक्ष | १० जून, दुपारी ३.३०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, वीस वर्षं याच जिल्ह्यात काम करते. मुलीला तपासलेलं नाही, त्यामुळे औषध सुचवणार नाही. पण काही गोष्टी सगळ्यांना माहीत असायला हव्यात.

पहिली गोष्ट, त्या 'गाठी' गाठी नाहीतच. अंडाशयात दर महिन्याला बरीच बीजकोषं वाढायला लागतात. त्यातलं एक पुढं जातं, मोठं होतं, फुटतं आणि स्त्रीबीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये ती अर्ध्यातच अडतात आणि सोनोग्राफीत काठानं बारीक काळे ठिपके दिसतात. विरघळवायला तिथं काही नसतं. मूळ बिघाड हार्मोन्सचा असतो. १९३५ साली शिकागोत स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात बायकांचं वर्णन केलं तेव्हा अंडाशय तसे दिसले, म्हणून 'पॉलिसिस्टिक', म्हणजे बऱ्याच गाठींचं, हे नाव चिकटलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मोठ्या बाईत निदान करताना तीन गोष्टी बघतात: पाळी अनियमित असणं, अँड्रोजेन (पुरुषी हार्मोन्स) वाढल्याच्या खुणा (हनुवटी-पोटावर जाड केस, न हटणारी मुरुमं, डोक्यावरचे केस विरळ होणं, किंवा रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्त), आणि सोनोग्राफी. तीनपैकी दोन असतील आणि थायरॉईड, प्रोलॅक्टिनसारखी दुसरी कारणं नसतील तर पीसीओएस. हे २००३ साली रॉटरडॅमला ठरलं. पण पहिली पाळी येऊन आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफी निदानासाठी धरायची नसते. त्या वयात धडधाकट मुलींचेही अंडाशय असेच दिसतात. मुलींमध्ये पहिल्या दोन्ही गोष्टी लागतात, अनियमित पाळी आणि अँड्रोजेनच्या खुणा. एकच असेल तर 'पुढं होण्याचा संभव आहे' इतकंच म्हणायचं आणि लक्ष ठेवायचं. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिलंय.

ताई, दोन गोष्टी सांगा. पाळीच्या तारखा लिहून ठेवल्यात का? आणि पाकीट अजून फोडलेलं नाही ना? फोडलं नसेल तर बरंच झालं. गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉनच्या तपासणीतून काही कळत नाही, मग तीन महिने थांबावं लागतं. आधी रक्त, मग निर्णय.

---

बेदाणा | १० जून, दुपारी ४.०२

डॉक्टर, म्हणजे द्राक्षाची विरळणी न केल्यासारखं झालं. घडातले जास्तीचे मणी काढले नाहीत तर सगळेच बारीक राहतात, एकही फुगत नाही. आता समजलं. काढ्याचं माझं मी मागं घेते.

---

प्रसूतिकक्ष | १० जून, दुपारी ४.२०

उदाहरण आवडलं, पेशंटना सांगेन. एक भर घालते: इथं विरळणी का होत नाही, तर बऱ्याच जणींत इन्सुलिन जास्त असतं. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड आणखी बनवतं. ते जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला अँड्रोजेन बनवायला लावतं, शिवाय रक्तात अँड्रोजेनला बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात कमी बनतं. त्यामुळे मोकळं अँड्रोजेन वाढतं आणि बीजकोषं अडकतात.

---

कृष्णाकाठची | १० जून, रात्री १०.३०

डॉक्टर, खूप खूप आभार. पाकीट फोडलेलं नाही. तारखा मी कॅलेंडरवर टिंबं देऊन ठेवते. गेल्या सात वेळांची अंतरं अशी: ३८, ४७, ४१, ६२, ३६, ५१, ४४ दिवस.

कराडकरीण, तुमचं वाचून दाखवलं. "सहा वर्षांचा?" एवढंच म्हणाली आणि कूस बदलून झोपली. बऱ्याच दिवसांनी लवकर झोपली.

आणखी एक विचारायचं होतं. तिच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट पट्टा आहे. मी तिला दर रविवारी न्हाताना बेसन लावून मान घासायला लावते. अंघोळ नीट करत नाही म्हणून रागावलेही आहे. याचा काही संबंध असतो का?

---

प्रसूतिकक्ष | १० जून, रात्री १०.५५

असतो. मान, काखा, मांडीचा सांधा इथली कातडी मखमलीसारखी जाड आणि काळी होणं ही इन्सुलिन जास्त असल्याची खूण आहे. तो मळ नाही, घासून जाणार नाही, उलट घासल्यानं आणखी काळं पडतं. तपासणीत शुगर नक्की बघा. नुसती उपाशीपोटीची नको, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनीही.

अंतरांबद्दल: पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या वर्षात कशीही आली तरी चालतं. एक ते तीन वर्षांत २१ दिवसांपेक्षा कमी किंवा ४५ पेक्षा जास्त अंतर अनियमित धरतात. तिची सातपैकी तीन ४५ च्या वर आहेत. म्हणजे लक्ष द्यायला हवं, घाबरायला नको. ९० दिवस उलटले तर मात्र कधीही थांबायचं नाही.

---

कृष्णाकाठची | १० जून, रात्री ११.२०

तिची माफी मागितली आत्ता. जागीच होती.

---

सडपातळ | ११ जून, सकाळी ९.१०

माझं वजन ४८ किलो. तरी पीसीओएस. प्रत्येक ठिकाणी "वजन कमी करा" ऐकून वैतागले. एका दवाखान्यात तर वजन बघून "तुला कसला पीसीओएस" म्हणून परत पाठवलं. दोन वर्षं फुकट गेली. हनुवटीचे केस मी रोज सकाळी चिमट्यानं काढते, ऑफिसात दुपारनंतर हात आपोआप हनुवटीकडं जातो. ज्यांना हे नाही त्यांना कळणार नाही की दिवसाचा किती वेळ यात जातो.

---

वाईचा_घाट | ११ जून, सकाळी ९.४०

कळतं, सडपातळ. मी शाळेत शिकवते. नववी-दहावीच्या वर्गात दोन-तीन मुली तरी तोंडाला रुमाल लावून बसतात. सर्दी नसते. ओठावरच्या लवेवरून मुलांनी काहीतरी म्हटलेलं असतं. कृष्णाकाठची, लेकीला शाळेत कुणी काही बोलतं का हे एकदा विचारा. आई आपण होऊन विचारत नाही तोवर मुली सांगत नाहीत.

---

मिरजवाला | ११ जून, दुपारी १.१५

पुरुषानं इथं लिहिलेलं चालेल ना? बायकोला पीसीओएस आहे. चार वर्षं दवाखाने केले. पहिली दोन वर्षं मी बाहेर गाडीवर बसून राहायचो, बायकांचं काम म्हणून. एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं आणि म्हणाल्या, तुमचीही तपासणी होऊ दे. त्या दिवसापासून आत बसायला लागलो. घरातलं तेल, गोड, रात्री साडेदहाचं जेवण, हे एकट्या बायकोनं बदलून बदलत नाही. आमच्याकडं दोघांनी मिळून बदललं तेव्हा कुठं फरक पडला.

---

शाळूची_भाकरी | ११ जून, दुपारी १.३०

चालेल काय दादा, असं लिहिणारे आणखी चार येऊ देत.

---

कराडकरीण | ११ जून, रात्री ९.४५

परवा म्हटलं होतं, आता लिहिते. जरा लांबेल.

माझी पाळी कॉलेजात असताना वर्षातून चार-पाचदा यायची. कुणाला काही वाटलं नाही. २०१५ ला लग्न झालं. दोन वर्षांत दिवस गेले नाहीत तेव्हा निदान झालं. आधी मेटफॉर्मिन. ती शुगरची गोळी. मला शुगर नव्हती, म्हणून मी घाबरून आठवडाभर घेतलीच नाही. नंतर कळलं की इन्सुलिनवर काम व्हावं म्हणून देतात. सुरुवातीला पोट बिघडलं, जेवणाबरोबर घ्यायला लागल्यावर बसलं. बऱ्याच वर्षं घेणाऱ्यांनी बी-१२ तपासत राहावं असंही डॉक्टरांनी सांगितलं होतं.

२०१८ ला लेट्रोझोल सुरू केलं. पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस. मेडिकलवाल्यानं पाकीट हातात देताना हळूच विचारलं, "ही कॅन्सरची गोळी आहे, माहीत आहे ना?" मी दुकानाच्या पायरीवर बसले. डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, खरं आहे, स्तनाच्या कर्करोगात वापरतात, पण स्त्रीबीज सुटावं म्हणून पीसीओएसमध्ये जगभर हीच पहिली गोळी आहे. आपल्याकडं २०११ मध्ये वंध्यत्वासाठी वापरायला बंदी घातली होती, ती २०१७ मध्ये उठली. मी उठल्यानंतरच्या वर्षी घेतली. तिसऱ्या महिन्यात राहिलं.

गरोदरपणात शुगर वाढली होती. सातव्या महिन्यापासून दिवसातून चार वेळा बोट टोचायचे. आता मुलगा सहा वर्षांचा आहे आणि मी दरवर्षी शुगर तपासते. आईला आहे, मामाला आहे, मला होण्याची शक्यता आहेच.

---

आत्याबाई | १२ जून, सकाळी ६.३०

माझं वय ५८. आमच्या वेळी हे नावच नव्हतं. दोन-दोन, तीन-तीन महिने पाळी यायची नाही, आई म्हणायची बरं आहे, सुटका आहे, शेतात कामाला अडचण नाही. मला दोन मुलं झाली, म्हणून कुणी विचारलंच नाही.

चव्वेचाळिसाव्या वर्षी आठ महिने पाळी आली नाही. मला वाटलं गेली. मग एकदम सुरू झाली ती बावीस दिवस थांबेना. रक्त इतकं गेलं की हिमोग्लोबिन सहावर आलं, दोन बाटल्या रक्त चढवलं. पिशवीचं अस्तर जाड झालं होतं, त्याचा तुकडा तपासायला पाठवला. त्या दहा दिवसांत मी देवाला काय काय बोलले ते मला माहीत. रिपोर्टात कॅन्सर नव्हता, पण त्याच्या वाटेवर होतं. औषधांवर बरी झाले.

पोरींनो, पाळी न येणं ही सुटका नाही. एवढ्यासाठीच लिहिलं.

---

प्रसूतिकक्ष | १२ जून, दुपारी २.१०

आत्याबाई, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. स्त्रीबीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बनत नाही. इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन मात्र चालूच असतं, त्यामुळे आतलं अस्तर वाढत राहतं आणि गळून पडत नाही. म्हणून तीन महिन्यांवर पाळी गेली की औषध देऊन ती आणावी लागते. पाळी रोखणाऱ्या आणि आणणाऱ्या गोळ्यांना लोक नावं ठेवतात, पण त्या अस्तराचं रक्षण करतात. मोठ्या बायकांत २१ गोळ्यांच्या पाकिटानंही हेच होतं, शिवाय अँड्रोजेन कमी होऊन केस आणि मुरुमं आटोक्यात येतात. त्यानं वांझपण येत नाही. आजार त्यामुळे मुळातून जात नाही हेही तितकंच खरं. अर्धशिशीत डोळ्यांपुढं चमकतं अशांना, रक्तात गुठळ्या झालेल्यांना, बीपी वाढलेल्यांना ही गोळी चालत नाही, म्हणून आधी विचारपूस हवी.

---

हळदीचं_पेव | १२ जून, सायंकाळी ७.००

हरिपूरवरून. मला एक कळेना, साखर बंद करून गूळ घेतला तर चालतो ना? सांगलीत गुळाला काय तोटा. मी चहा, लापशी, सगळं गुळाचंच करते.

---

शाळूची_भाकरी | १२ जून, सायंकाळी ७.२५

पेवताई, आपल्या गुळावर माझाही जीव आहे, पण रक्ताला साखर आणि गूळ जवळपास सारखेच. गुळात लोह थोडं जास्त म्हणून वाटीभर खायचा नाही. आणि तासगावचे बेदाणे मुठीनं खाल्ले तरी तीच गत. (बेदाणा, नावावरून रागावू नका.)

मी आहारतज्ज्ञ आहे, जतच्या शेतकरी घरातली. लोक मला विचारतात कोणता डाएट करू. पीसीओएससाठी एकच असा आहार सिद्ध झालेला नाही. माझ्याकडं येणाऱ्या मुलींना मी परदेशी बिया आणायला लावत नाही. शाळूची भाकरी, हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, कारळ्याची नाहीतर जवसाची चटणी, ताक, पालेभाजी. हे आपल्या घरात होतंच, मधल्या पिढीत बिस्किटांनी आणि मैद्याच्या टोस्टनी जागा घेतली. सकाळी चहा-टोस्टऐवजी उसळ-भाकरी खाल्ली तर दुपारपर्यंत पोट भरलेलं राहतं आणि साखर सरसर चढत नाही. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांचं पाच-दहा टक्के उतरलं तरी पुष्कळांची पाळी सुधारते. साठ किलोची बाई तीन ते सहा किलो. पंचवीस किलो उतरवायला कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढा. आणि वाढत्या वयाच्या मुलीला उपाशी ठेवू नका, तिला लोह हवं, प्रथिनं हवीत.

---

बेदाणा | १२ जून, रात्री ८.०५

रागावले नाही. पण मोसमात घरात डबे भरलेले असतात, हात जातोच की ओ.

---

सडपातळ | १२ जून, रात्री ८.३०

माझ्यासारख्यांनी काय करायचं मग? वजन तर उतरवायचं नाही.

---

प्रसूतिकक्ष | १२ जून, रात्री ९.१५

व्यायाम तुमच्यासाठीही तितकाच. स्नायू काम करतात तेव्हा साखर वापरली जाते आणि इन्सुलिनची गरज कमी होते, वजन तेवढंच राहिलं तरी. आठवड्याला दीडशे मिनिटं भराभर चालणं, दोन दिवस ताकदीचा व्यायाम. बारीक दिसणाऱ्यांच्याही पोटाचा घेर मोजा, आपल्याकडच्या बायकांत ८० सेंटीमीटरच्या वर गेला तर काळजी. केसांसाठी लेझर, आणि अँड्रोजेन अडवणारी औषधं आहेत. पण ती औषधं घेताना दिवस राहता कामा नयेत, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

---

आयर्विनचा_कठडा | १३ जून, दुपारी १२.००

वेगळं विचारते. स्थळ बघताना हे सांगायचं की नाही? माझ्या बहिणीचं जमत आलंय. आई म्हणते बोलू नको.

---

वाईचा_घाट | १३ जून, दुपारी १२.३५

मुलाला आणि त्याच्या घरी सांगावं असं माझं मत. लपवून लग्न झालं आणि नंतर गोळ्यांचं पाकीट कुणाच्या हाती लागलं, की आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं.

---

मिरजवाला | १३ जून, दुपारी १.०५

मी थोडा वेगळा विचार करतो. मुलाला तिनं स्वतः सांगावं, दोघं बोलायला बसतात तेव्हा. पाहुण्यारावळ्यांना, मध्यस्थाला, चुलत्यांना कशाला? मुलाकडच्या घरात शुगर किती जणांना आहे ते कुणी पत्रिकेत लिहून देतं का? पोरीच्या अंडाशयाची चर्चा कांदेपोह्यांच्या बैठकीत होऊ नये.

---

आत्याबाई | १३ जून, दुपारी १.४०

मिरजवाल्यांचं पटलं. आणि "लग्न झालं की बरं होतं" म्हणणाऱ्यांना सांगा, मला लग्न होऊन चौतीस वर्षं झाली.

---

कृष्णाकाठची | १४ जून, रात्री १०.००

वाईचा_घाट, तुम्ही म्हणालात तसं विचारलं. आधी काही नाही म्हणाली. मग भांडी आवरताना, माझ्याकडं पाठ करून बोलायला लागली. शिकवणीतला एक मुलगा तिला मिशीवरून चिडवतो. दोन महिने ती बाबांच्या रेझरनं ओठावरची लव काढत होती. मला पत्ताच नव्हता. एकदा कापलं होतं, तेव्हा मला पिन लागली म्हणून सांगितलं होतं.

शिकवणीच्या सरांशी बोललो, दोघंही गेलो होतो. दुसऱ्या डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्याची मिळाली आहे. तोवर रक्त तपासून घेते.

---

शाळूची_भाकरी | ६ ऑगस्ट, सकाळी ८.००

कृष्णाकाठची, पुढं काय झालं? जुलै गेला. सगळ्या वाट बघतोय.

---

कृष्णाकाठची | ९ ऑगस्ट, रात्री ९.३०

उशीर झाला, माफ करा. सहामाहीचा अभ्यास, पाऊस, पाण्याची धाकधूक.

नव्या डॉक्टरांनी आधी तारखांचं कॅलेंडर मागितलं. मग मला पाच मिनिटं बाहेर बसवून लेकीशी एकटीशी बोलल्या. आत काय बोलणं झालं ते मी विचारलेलं नाही, पण बाहेर येताना तिची मान वर होती. ओठावरची लव बघून म्हणाल्या, ही साधी मऊ लव आहे, घरात अनेकींना असते, जाड केस म्हणतात ते हे नव्हेत. (माझ्या सासूबाईंना आहे, मला आहे.) मुरुमं सौम्य आहेत.

रिपोर्ट: थायरॉईड ठीक. प्रोलॅक्टिन ठीक. टेस्टोस्टेरॉन तिच्या वयाच्या हद्दीत. उपाशीपोटी शुगर ९२, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १२८, दोन्ही ठीक. हिमोग्लोबिन मात्र १०.२. एवढे दिवस ती दमते, झोपाळते, ते मी आळस समजत होते.

डॉक्टरांनी कागदावर 'पीसीओएस' लिहिलं नाही. म्हणाल्या, आज निदान करता येत नाही, संभव आहे, मानेच्या काळेपणावरून इन्सुलिन वाढलेलं दिसतंय, म्हणून दर सहा महिन्यांनी यायचं. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. दुसरी गोळी सध्या नाही. पाळी ९० दिवसांवर गेली तर लगेच फोन करायचा. आणि मूल होण्याबद्दल तिला स्वतःहून सांगितलं, की पुढं पीसीओएस झाला तरी बहुतेकींना मुलं होतात, काहींना थोडी मदत लागते, बाकी आत्ता दहावी बघ.

ते पाकीट मी दवाखान्यात दाखवून परत आणलं. फेकलं नाही. त्यांनी समजावलं की उद्या खरंच गरज पडली तर तीच गोळी योग्य असेल, गोळीवर राग धरू नका. बहिणीलाही तेच सांगितलं.

---

कराडकरीण | ९ ऑगस्ट, रात्री ९.५०

वाचून डोळे भरले. मान वर होती, बस्स.

---

हळदीचं_पेव | १० ऑगस्ट, सकाळी ६.४५

आणि फिरणं?

---

कृष्णाकाठची | १० ऑगस्ट, रात्री १०.१०

रोज तासभर हालचाल करायला सांगितलीय. जुलैत आम्ही दोघी हरिपूरच्या रस्त्यानं चिंचांखालून संगमेश्वराच्या देवळापर्यंत सायकलनं जायचो. आता पाणी वाढल्यापासून तो रस्ता बंद, म्हणून गच्चीवर दोरीच्या उड्या आणि बाबांबरोबर बॅडमिंटन. वजन एक किलो उतरलंय. मी रोज बघत नाही, तिलाही बघू देत नाही. शाळू जतवरूनच मागवला, पीठ घरघंटीवर दळते. भाकरी तिलाच थापायला लावली, पहिल्या तीन नकाशे झाल्या, चौथी फुगली.

---

शाळूची_भाकरी | १० ऑगस्ट, रात्री १०.२५

चौथीच फुगली? आमच्याकडं पोरींना पंधरा दिवस लागतात.

---

प्रसूतिकक्ष | ११ ऑगस्ट, दुपारी ३.००

हिमोग्लोबिन तीन महिन्यांनी परत बघा, आणि लोहाच्या गोळीनंतर तासभर चहा नको. लिंबू पिळलेलं काही घ्या. कॅलेंडरवर टिंबं देणं चालू ठेवा. त्याचा उपयोग तिला पंचविशीतही होईल.

---

जांभळी_ओढणी | २ सप्टेंबर, रात्री १२.१५

ही चर्चा मी दोनदा वाचली. मी सोळा वर्षांची आहे, इस्लामपूरजवळ राहते. मलाही सोनोग्राफीत तेच आलंय आणि घरात सगळे रडतायत. मी कुणाला विचारू कळत नव्हतं.

---

कृष्णाकाठची | २ सप्टेंबर, सकाळी ६.२०

बाळ, बरं केलंस लिहिलंस. रडू नकोस. तुझी पहिली पाळी कितव्या वर्षी आली होती? आणि गेल्या पाच-सहा तारखा आठवत असतील तर एका कागदावर लिहून काढ. रक्त तपासलंय का, आणि काही गोळ्या सुरू केल्यात का, तेही सांग. तुझ्या आईला इथं यायचं असेल तर मी आहे.

— आणि लेक सांगतेय, तिला सांग, रेझर वापरू नकोस म्हणावं.